सौभद्राला पडदे किती?

मराठी घरात जुन्या संगीत नाटकांचा विषय निघाला की बोलणे हटकून गाण्यावर जाते. कोणाचा आवाज कसा चढे, कोणत्या पदाला किती वन्समोअर पडत, ऑर्गनवर कोण आणि तबल्यावर कोण, याची उजळणी सुरू होते आणि चकल्यांचा दुसरा घाणा तळून झाला तरी ती संपत नाही. पण गाणारा उभा कोठे होता, त्याच्या पाठीमागे काय दिसत होते, ते कोणी रंगवले आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे विचारणारा शंभरात एखादा. मी पडलो शाळेतला चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि रिकाम्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. त्यामुळे असेल, पण गाणे ऐकताना माझे डोळे नेहमी गायकाच्या खांद्यावरून पलीकडे जातात. फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक उघडलेल्या वाचकांपुढे त्या पलीकडच्या गोष्टीची थोडी हकीकत मांडावी, असे मनात आले.

जुने संगीत नाटक नव्याने उभे करायचे ठरले की आजकाल दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, राजवाडा राजवाड्यासारखा दिसला पाहिजे. झुंबरे हवीत, खांब हवेत, सिंहासन हवे. नाहीतर लोक तिकीट कशाला काढतील? दुसरा म्हणतो, मागे काळा पडदा सोडा, मध्ये एक चौथरा ठेवा, गायकावर प्रकाशाचा झोत टाका. गाण्यापुढे बाकी सारी अडगळ. गंमत अशी, की दोन्ही पक्ष परंपरेचीच शपथ वाहतात. आणि खरे पाहता दोघांचीही शपथ खोटी नाही. कशी, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मागे म्हणजे थेट कालिदासापर्यंत. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत रथात बसून हरणाचा पाठलाग करतो. रथ नाही, घोडे नाहीत, हरीणही नाही. नटाने वेग अभिनयाने दाखवायचा आणि प्रेक्षकांनी तो पाहायचा. रंगमंचावर एक फेरी मारली की स्थळ बदलले, हा त्या रंगभूमीचा सरळ हिशेब. 'नेपथ्य' या शब्दाचा अर्थही तेव्हा वेशभूषा आणि ती जेथे चढवायची ती पडद्यामागची जागा असा होता. आज आपण तो देखाव्यासाठी वापरतो. एका शब्दाचा हा प्रवास पाहिला तरी रंगभूमीचा निम्मा इतिहास कळतो.

सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, तेव्हाही मागे जेमतेम एक पडदा. सूत्रधार सगळे आख्यान गाणार, पात्रे त्यावर अभिनय आणि भाषणे करणार, विदूषक मध्ये मध्ये हसवणार. जनकाची मिथिला सूत्रधाराच्या गळ्यात होती. कापडावर उतरवण्याची गरज कोणाला भासली नाही. आमच्या कोकणातले नमन-खेळे किंवा खाली सिंधुदुर्गातले दशावतार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. दशावतारात एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच शेषशय्या. रात्रभर त्या बाकड्याने एवढी कामे केली तरी त्याला कोणी 'नव्या पद्धतीचे नेपथ्य' म्हणून बक्षीस देत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग रंगवलेले पडदे आले कोठून? मुंबईहून, आणि पारशी मंडळ्यांच्या मार्फत. इंग्रजांच्या नाटकगृहांतली रीत पारशी नाटकवाल्यांनी उचलली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला भरजरी रूप दिले. १८८० साली पुण्यात अशाच एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा खेळ बळवंत पांडुरंग किर्लोस्करांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी पाहिला. हे गृहस्थ सरकारी नोकरीत. त्यांच्या मनाने घेतले, की असे मराठीत का होऊ नये? त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, अगदी दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगले आणि मराठी संगीत नाटक जन्माला आले. योगायोग पाहा: रथ अभिनयाने दाखवणाऱ्या कालिदासाचेच नाटक घेऊन आपण रंगवलेल्या पडद्यांच्या जगात पाऊल टाकले!

दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, 'सौभद्र' आले. आधी तीन अंक. पुरे नाटक पुढच्या वर्षी. या नाटकाची मांडणी पडद्यांच्या डोळ्यांनी वाचून पाहावी. मोठी दृश्ये आणि लहान प्रवेश यांची तेथे एक लय असते. राजवाड्याचे मोठे दृश्य संपले की पुढच्या बाजूला रस्त्याचा पडदा सुटतो. त्याच्यापुढच्या चार हात जागेत दोन सेवक किंवा एखादा ब्राह्मण येऊन बोलतो, लोक हसतात. आणि त्या पाच-सात मिनिटांत पाठीमागे, प्रेक्षकांना न कळत, राजवाडा जाऊन जंगल उभे राहते. रस्त्याचा पडदा वर गेला की घटोत्कचाने पळवून आणलेली सुभद्रा थेट अरण्यात. ही सोय गड्यांसाठी होती. पण पुढे ती नाटककारांच्या लेखणीत उतरली. त्या काळच्या नाटकांत विनोदी प्रवेश नेमके मोठ्या दृश्यांच्या मध्ये का येतात, याचे उत्तर साहित्यशास्त्रात शोधू नये. ते पडद्याच्या दोरीत आहे.

आता थोडे मास्तरकीचे बोलतो. हे पडदे होत कसे, ते सांगतो. मांजरपाटाचे पट्टे शिवून मोठे कापड करायचे, ते जमिनीवर किंवा भिंतीवर ताणायचे, त्यावर सरस आणि खडूची पूड यांचा हात द्यायचा; तो वाळला की सुके रंग सरसाच्या पाण्यात कालवून मोठ्या कुंचल्यांनी काम. रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून चित्रकाराला उद्याचा रंग आज ओळखता यावा लागतो. पडदा घडी घालून ठेवता येत नाही. घडीवर रंग तडकतो. तो बांबूला गुंडाळूनच न्यायचा. बैलगाडीतून, आगगाडीतून, होडीतून मंडळ्यांनी असे राजवाडे आणि अरण्ये गावोगाव फिरवली.

आणि त्यांत चित्रकलेची एक अडचण होती. पडद्यावर खांबांची रांग यथार्थदर्शनाने लहान लहान होत जाते. ती खरी वाटते ती मधल्या खुर्चीवरून. कडेच्या प्रेक्षकाला राजवाडा तिरपा दिसतो. शिवाय नट पडद्याच्या जवळ गेला की तो कमानीहून उंच ठरतो. शहाणे नट म्हणूनच पुढे उभे राहून गात. दिव्यांचीही तीच गत. तेलाचे दिवे होते, पुढे किटसनच्या बत्त्या आल्या, तोवर उजेड सगळीकडे सारखा पसरे आणि पडद्यावर रंगवलेली सावली खपून जाई. विजेचे झोत आल्यावर नटाची सावली एका बाजूला आणि रंगवलेल्या खांबाची दुसऱ्या बाजूला पडू लागली. पडदा जुनाट झाला तो लोकांची रुची बदलली म्हणून, असे पुष्कळजण लिहितात. माझे म्हणणे, त्याला आधी दिव्याने मारले.

पण मारण्याआधी त्याने काय वैभव पाहिले! कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या दोघांनी मोठ्या मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि लोक त्यांना 'पेंटर' म्हणूनच ओळखू लागले. १९१६ साली आनंदराव गेले; बाबूराव पेंटरांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. व्ही. शांताराम लहानपणी गंधर्व मंडळीत होते, नंतर बाबूरावांच्या कंपनीत गेले. म्हणजे नाटकाच्या पडद्याला ज्या हातांनी रूप दिले, त्यांनीच त्याला गिळणाऱ्या दुसऱ्या पडद्याची पायाभरणी केली. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीला स्थापलेल्या ललितकलादर्श मंडळीत पुढे पु. श्री. काळे यांनी हीच विद्या आणखी वास्तवाकडे नेली.

थाटामाटाचे नाव काढले की मात्र बालगंधर्वांपाशीच यावे लागते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. रंगमंचावर खरे गालिचे, खऱ्या जरीचे शालू, नाटकगृहात खऱ्या अत्तराचा दरवळ. प्रेक्षकाला खोटे द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा. १९२० सालच्या 'द्रौपदी'साठी तर हात इतका सैल सुटला की मंडळीवरचे कर्ज लाखाच्या वर गेले. नादारी पत्करून मोकळे होणे त्यांनी नाकारले आणि पुढची कित्येक वर्षे गाऊन ते फेडले. या उधळपट्टीवर टीका करणे सोपे आहे. दोन वेळा चहा पिताना विचार करणाऱ्या माझ्यासारख्याला तर फारच सोपे. पण ज्याला रोज रात्री रुक्मिणी व्हायचे आहे, त्याने पायाखाली कोणता गालिचा आहे हे विसरावे, अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही.

पण याच मंडळीचे लोकांनी मनात जपलेले दृश्य कोणते? 'एकच प्याला' १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला रंगमंचावर आले. गडकरी ते पाहायला उरले नव्हते, महिन्यापूर्वीच गेले होते. त्यात दारिद्र्याने पिचलेली सिंधू दळायला बसते. ठिगळाचे लुगडे, एक जाते, कोपऱ्यात मूल. अत्तराने भरलेले नाटकगृह त्या जात्यापुढे रडले. एकाच मंडळीने, वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने, जात्याचे दृश्य आणि दरबाराचे दृश्य दोन्ही करून दाखवले. जात्याने मंडळीला नाव दिले आणि दरबाराने कर्ज. मात्र यावरून 'साधेपणाच श्रेष्ठ' असा निकाल देण्याची घाई करू नये. सिंधूचे दारिद्र्य एवढे टोचले, कारण त्याच अंगावर लोकांनी काल शालू पाहिला होता.

'मानापमान'ची गोष्ट तर या वादाच्या मुळावरच बोट ठेवते. खाडिलकरांचे हे नाटक १९११ चे. श्रीमंत भामिनी गरीब शिपाईगड्याला, धैर्यधराला, हिणवते. तो श्रीमंतीचाच तिटकारा करू लागतो. मग ती गरीब वेषात त्याच्यापुढे येते. नाटकच मुळी दागिन्यांबद्दल आणि दागिने उतरवण्याबद्दल आहे! तेथे श्रीमंती डोळ्यांना दिसली नाही तर भामिनी उतरवणार काय? काळ्या पडद्यापुढे हे नाटक करणाऱ्यांनी निदान एवढा विचार करावा. आणि उलट बाजूही आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी 'संयुक्त मानापमान' केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्री लोक लोटले ते पडदे पाहायला नव्हे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

पुढची पंचवीस-तीस वर्षे भराभर सांगितली तरी चालतील, कारण ती ओहोटीची आहेत. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि नाटकगृहांची बोलपटगृहे झाली. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केले. तेथे भिंती, दारे, खिडक्या असलेली खरीखुरी वाटणारी खोली आली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि गाणी मोजकी. खोली आली की रस्त्याचा पडदा गेला. रस्त्याचा पडदा गेला की लहान प्रवेश गेले. नाटकाचा श्वासच बदलला.

मग १९६० च्या सुमारास संगीत नाटकाला पुन्हा भरती आली. 'पंडितराज जगन्नाथ', 'मंदारमाला', 'मत्स्यगंधा'. आणि १९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली'. बालगंधर्व त्याच वर्षी जुलैत गेले होते. आता मंडळ्या नव्हत्या. कंत्राटी संस्था होत्या. एका गावचा प्रयोग आटोपून त्याच बसने दुसरे गाव गाठायचे. बसच्या टपावर आणि पोटात जेवढे मावेल तेवढेच नेपथ्य. ज्याला आपण सौंदर्यदृष्टी म्हणतो, तिच्यात टपाची लांबी-रुंदी किती मिसळलेली असते, हे कोणी मोजत नाही. 'कट्यार'मध्ये हवेलीवर हक्क कोणाचा हाच कलहाचा एक धागा. तरी नाटकात हवेली सूचित झाली की पुरते, कारण डोळे त्या एका कट्यारीवर असतात. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला तेव्हा दरबार आणि महाल डोळ्यांपुढे उभे राहिले. दोन्हीकडे लोक गाण्यासाठीच आले. म्हणजे या प्रश्नाचा निकाल गल्ल्यावर लागत नाही, एवढे समजावे.

१९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' आले आणि त्याने तिसराच मार्ग दाखवला. ओळीने उभी राहिलेली माणसेच पडदा झाली. ती डुलतात, गातात, पाठ फिरवतात. त्यांच्यामागे काहीतरी घडते, ओळ फुटते आणि आपल्याला ते दिसते. परदेशी गेल्यावर लोकांनी या मानवी पडद्याचे कौतुक केले. खेळ्यांत आणि दशावतारात वाढलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना त्यात ओळखीचे काहीतरी दिसले असते.

येथे एक परदेशचा दाखला देण्याचा मोह आवरत नाही. ज्या १८८२ साली आपले 'सौभद्र' आले, त्याच साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरचे 'पार्सिफाल' हे संगीतनाट्य प्रथम झाले. पुढल्याच वर्षी वाग्नर वारला. त्याच्या बायकोने ते देखावे जसेच्या तसे जपले. पन्नास वर्षे तेच कापड, तेच रंग. १९३०च्या दशकात ते बदलण्याची वेळ आली तेव्हा, ज्यांवर वाग्नरची दृष्टी पडली होती ते देखावे हलवू नका, असे विनंतीपत्र निघाले. देखाव्यांची जणू देवळातली मूर्ती झाली होती. आणि मग १९५१ साली त्याच वाग्नरच्या नातवाने, वीलांट वाग्नरने, तो सारा रंगमंच रिकामा केला. एक गोल चौथरा, अंधार आणि प्रकाश. जुने भक्त हादरले, नव्यांनी डोक्यावर घेतले. कारणे विचाराल तर एक म्हणजे युद्धानंतर पैसा नव्हता. दुसरे अधिक खोल: त्या नाटकगृहाला हिटलरचा लळा लागला होता, आणि जुन्या देखाव्यांकडे पाहिले की तो काळ आठवे. नातवाला केवळ धूळ झटकायची नव्हती, डाग पुसायचा होता.

मी हे वाचले तेव्हा थबकलो. रिकाम्या रंगमंचामागे असेही कारण असू शकते तर! मग आपल्याकडचा तरुण दिग्दर्शक पडदा काढतो तेव्हा त्याला काय पुसायचे असते? आपल्या द्वारकेच्या पडद्यावर तसा डाग नाही. फार तर बुरशी आहे.

बुरशीवरून आमच्या गावची हकीकत सांगतो, कारण या विषयात मी पडलो तो तिच्यामुळे. आमच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी गावकऱ्यांचे नाटक होते, आणि दर तीन-चार वर्षांनी फिरून 'सौभद्र' येते. देवळाच्या माळ्यावर पाच पडदे आहेत: दर्शनी, राजवाडा, रस्ता, बाग आणि जंगल. सरस ओल धरतो, आणि आमचा पावसाळा चार महिन्यांचा. राजवाड्याच्या उजव्या अंगाला बुरशी चढून त्याचा रंग शेवाळी झाला आहे. त्यात उघड्या मांडवात वारा सुटला की द्वारका पोटासारखी फुगते आणि बलराम रागाने बोलत असताना लोक हसतात. हे सारे कबूल.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलांनी, एकांकिकांच्या स्पर्धा गाजवलेल्या हुशार मुलांनी, सौभद्र आपल्या हाती घेतले आणि मागे सगळा काळा कपडा सोडला. मध्ये तीन चौथरे. प्रकाश सुरेख. त्यांच्या बाजूने सांगायचे ते आधी सांगतो: संन्यासी झालेला अर्जुन एकटा बसून गातो, तेव्हा त्या एका झोतात असे काही दिसले, जे माझ्या जन्मात त्या मांडवात दिसले नव्हते. शेजारी बसलेले हेडमास्तर, जे नाटकात हमखास डुलक्या घेतात, तेही जागे होते.

पण घटोत्कचाने सुभद्रेला उचलून नेले, अंधार झाला, उजेड आला, आणि ती त्याच काळ्या कापडापुढे झोपलेली. माझ्या मागच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अरे, पण त्या पोरीला नेलान कुठं?" लोक हसले. मला तो प्रश्न योग्य वाटला. राजवाडा आणि अरण्य यांत फरकच उरला नाही, तर पळवण्याला अर्थ काय?

दुसरी गोष्ट त्या रात्री लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी पारावर आली. रस्त्याचा पडदा नाही म्हटल्यावर त्याच्यापुढचे लहान प्रवेशही कापले गेले होते. नाटक तीन तासांत बसले, आटोपशीर झाले. मात्र त्या प्रवेशांत कामे करत कोण? किराणा दुकानवाले, एस.टी.तले कंडक्टर, पोस्टात असलेले काका. यांना सूर नाही. अर्जुन, कृष्ण व्हावे अशी उंची नाही. वर्षातून एकदा पाच मिनिटे रस्त्याच्या पडद्यापुढे उभे राहून गावाला हसवायचे, एवढाच त्यांचा रंगभूमीशी संबंध. चोवीस माणसांचे नाटक अकरांचे झाले होते. आणि उरलेली तेरा माणसे पहिल्या रांगेत घडीचे उपरणे घालून गप्प बसली होती. पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर पडदा काढला तर एक शैली जाते. आमच्याकडे तेरा माणसे जातात.

त्यावर उत्सवाच्या बैठकीत जो वाद झाला तो छापण्याजोगा नाही. वडीलधारे म्हणाले, पडदे नसतील तर देवापुढे नाटक नाही. मुले म्हणाली, मग आम्ही सुटी काढून येत नाही. मुले आली नाहीत तर अर्जुन नाही आणि सुभद्रा नाही. वडील रुसले तर मांडव नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि मागल्या वर्षी नाटकच झाले नाही. उत्सवाच्या रात्री मांडवात भाड्याचा ऑर्केस्ट्रा वाजला. लोक नऊ वाजता आले आणि साडेदहाला घरी गेले.

या वर्षी पुन्हा सौभद्र निघाले तेव्हा मी दोन्ही पक्षांना एकच काम सांगितले: प्रवेशांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, येथे स्थळ बदलल्याने गोष्ट पुढे जाते की नाही. वादात भांडणारी माणसे यादी करायला बसली की निम्मी शांत होतात, हा वर्गातला अनुभव. बागेच्या पडद्यावाचून काही अडत नाही, असे दोन्ही बाजूंनी लिहिले. राजवाड्यासाठी एक चौरंग, एक तक्क्या आणि मागे मुलांचा तो काळा कपडा पुरे. द्वारका फुगण्यापेक्षा ते बरे, हे वडिलांनीही मानले. जंगल मात्र हवेच. आणि रस्ता हवा, कारण तेरा माणसे तेथे उभी राहायची आहेत. अर्जुनाच्या गाण्याला झोत ठेवला. दर्शनी पडदा कोणी विचारलाही नाही. तो लावायचाच, हे सर्वांनी धरून चाललेले.

सगळ्या नाटकांना हाच हिशेब लागू पडेल असे मी म्हणत नाही. 'संशयकल्लोळ' घ्या. देवलांनी ते मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतले आणि मर्फीने मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनावरून. मोलिएरच्या त्या प्रहसनात रस्त्यावर मुलीला भोवळ येते, एक गृहस्थ तिला सावरतो आणि त्याची बायको ते खिडकीतून पाहते. सारा संशय त्या खिडकीतून जन्मतो. खिडकी काढून झोत टाकाल तर राहील काय? उलट २०१७ साली आलेली 'देवबाभळी'. आवली आणि लखुबाई झालेली रखुमाई, दोनच बायका. त्यांच्या घराइतके आणि नदीइतके नेपथ्य. त्यात पंढरपूरची सगळी यात्रा उभी केली असती तर पायातला काटा दिसला नसता.

जंगलाचा पडदा आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या व्हरांड्यात अंथरला. तो उलगडताना धूळ कमी निघाली आणि झुरळे फार. उजव्या बाजूला एक वाघ आहे, तो आमच्या लहानपणी भयंकर होता; आता जवळून पाहिल्यावर त्याच्या मिशा पाचच आहेत हे कळले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, आगीत जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले ते पॅलेस थिएटर. ती बातमी वाचल्यापासून जुने कापड पाहिले की मला आधी विजेची वायर कोठे आहे ते शोधण्याची खोड लागली आहे. तेव्हा मांडवात पडद्यापासून दिवे लांब राहतील अशी बांधणी करण्याचे कलम मी बैठकीत सर्वांत आधी मंजूर करून घेतले. त्यावर मात्र कोणीही वाद घातला नाही.

रस्त्याचा पडदा जुना डागडुजीपलीकडे गेला होता, म्हणून तो नवा करायला घेतला. मांजरपाट आणला, सरस शिजवला. शाळा तीन दिवस त्या वासाने भरली. सातवी-आठवीची मुले घरे, झाडे, दुकाने आखू लागली. पोस्टातले काका रोज संध्याकाळी येऊन आपण कोणत्या घरापुढे उभे राहणार ते ठरवून जात. एका मुलाने रस्त्याच्या कडेला विजेचा खांब आखला होता. मी म्हटले, "अरे, ही द्वारका आहे." तो म्हणाला, "पण सर, त्याच्याशिवाय आपला रस्ता वाटतच नाही." काकांनी लांबून पाहिले आणि म्हणाले, "राहू द्या हो मास्तर. मला टेकायला बरा."